सरांना प्रोग्रामात बसवलं

भाताच्या गिरणीच्या वर कॉम्प्युटर ठेवू नये. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही, खुद्द गिरणीवाल्यानेच सांगितलं होतं. पण शहापुरात आम्हाला परवडतील अशा दोन खोल्या दुसरीकडे मिळेनात, म्हणून आम्ही तिथेच बस्तान बसवलं. खाली गिरणी सुरू झाली की वर आमची टेबलं थरथरायची. खिडकीतून कोंडा यायचा आणि कीबोर्डच्या बटणांखाली मुक्काम ठोकायचा. मी रोज सकाळी कीबोर्ड गॅलरीच्या कठड्यावर उलटा करून आपटायचे. गिरणीवाल्याची बायको खालून मान वर करून विचारायची, "काय गो, किती निघाला आज? कोंबड्यांना पुरंल का?"

आता मी मुरबाडच्या घरी बसून दूरदूरच्या शहरांतल्या लोकांसाठी प्रोग्राम लिहिते. टेबल स्वच्छ आहे, कीबोर्डमधून काहीही पडत नाही. तरी कधी कधी हात आपोआप जातो आणि मी तो उलटा करून झटकते. त्या खोल्यांची मला फार आठवण येते. सरांची तर त्याहून जास्त येते, आणि सर आता नाहीत.

आमची संस्था अगदी लहान होती. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतले भाताचे जुने वाण जपायचे, एवढंच तिचं काम. ज्यांच्या घरात जुनं बी उरलं होतं त्यांचा एक गट होता. ते आपलं बी आमच्याकडे द्यायचे, आम्ही ते सामायिक जमिनीवर एकेका वाफ्यात लावायचो, कापायचो, आणि पुढच्या वर्षासाठी बी कणग्यांत भरून ठेवायचो. भाताचं बी दोन-चार वर्षं पेरलं नाही की उगवेनासं होतं, त्यामुळे दरवर्षी लावणं भाग होतं. आणि जमीन थोडी, वाण फार. म्हणून दरवर्षी कुठला तरी वाण सोडावा लागायचा. कुठला, हे ठरवायच्या कामात मी आणि सर होतो.

मी मुरबाडहून यायचे. सगळं मुरबाड सकाळी कल्याणच्या एसटीत चढायचं आणि मी एकटी उलट्या दिशेने, सरळगाव-किन्हवली करत शहापूरला. शेजारणी आईला विचारायच्या, "कंपूटर शिकलेली पोर तिकडं रानात कशाला जाते?" आई म्हणायची, "तिला भात आवडतं." हे खोटं होतं. मला तेव्हा गव्हाची पोळी आवडायची, आणि नोकरी दुसरी मिळाली नव्हती.

सर कल्याणहून यायचे. कृषी महाविद्यालयात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, आवाजाने दणकट. प्लास्टिकच्या कपात चहा दिला की तो तसाच ठेवून देत आणि दिवसभर त्या कपाकडे रागाने बघत. आसनगाव स्टेशनावर उतरून शेअरच्या रिक्षात बसायचं आणि रिक्षा भरेपर्यंत ताटकळायचं, हा त्यांचा नित्याचा संताप होता. जिना चढून आले की पहिलं वाक्य रिक्षावाल्याविषयी आणि दुसरं आकड्यांविषयी असायचं.

सुरुवातीला आमची पद्धत अशी होती. गटातल्या ताई घरोघर जाऊन विचारपूस करायच्या, ती माझ्या प्रोग्रामात भरायच्या. कुठल्या वाफ्यात किती उतारा आला, पीक लोळलं का, घरच्यांना खायला कसं वाटलं, सगळं त्यात असायचं. मग मी ते सगळं एका फाइलीत काढून पेनड्राइव्हवर घालायचे. सर त्यांच्या लॅपटॉपवर ते संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला द्यायचे आणि छापून आलेला कागद बोट ठेवून वाचायचे. ते कागद आधी तळापासून वाचत. तळाशी एक बारीक ओळ असायची, किती उत्तरं रिकामी म्हणून वगळली ते सांगणारी. "आधी कोण बोललं नाही ते बघायचं, मग कोण बोललं ते," असं म्हणत आणि मग वर येत. वरच्या आकड्यांतून ते एवढंच शोधत की दोन वाणांत दिसतो तो फरक खरा आहे, की नुसता योगायोग. निकाल ते मला सांगत आणि मी तो पुन्हा हाताने प्रोग्रामात भरायचे.

एक दिवस सर भलतेच वैतागून आले. रिक्षा त्या दिवशी भरलीच नव्हती. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "दरवर्षी मी तेच करतो. कृती तीच, सूत्रं तीच, आकडे तेवढे नवे. मग त्यासाठी मी उन्हातून कशाला यायचं? मला तुझ्या प्रोग्रामात बसव."

"तुम्हाला?"

"माझी कृती गं. आत बसवून टाक. बटण दाबलं की निकाल. माझी वाट बघायला नको आणि त्या रिक्षावाल्याचं तोंड बघायला नको."

बसवणं हा शब्द आपल्याकडे गणपतीलाही चालतो आणि नळाच्या तोटीलाही. आम्ही त्या वर्षी पावसाळाभर सरांना बसवत होतो. माझ्या प्रोग्रामने उत्तरांची फाइल करायची, सरांचं सॉफ्टवेअर पडद्यामागे गुपचूप उठवायचं, सरांची कृती त्याच्या हातात द्यायची आणि त्याचं काम होईपर्यंत थांबायचं. मग त्याने काढलेल्या लांबलचक कागदातून निकालाची तेवढी ओळ उचलून पडद्यावर दाखवायची. ऐकायला सोपं आहे. करताना माझ्या नाकी नऊ आले. दोघांची भाषा वेगळी, दोघांचे मानपान वेगळे. माझा प्रोग्राम मराठीत लिहिलेलं गुमान देत होता, आणि ते सॉफ्टवेअर आमच्या त्या जुन्या मशिनीवर त्याची नुसती प्रश्नचिन्हं करत होतं. वाणांची नावं, पाड्यांची नावं, लोकांची उत्तरं, सगळीकडे प्रश्नचिन्हांच्या रांगा. सर ते बघून म्हणाले, "ह्याला आपलं काहीच कळलं नाही, निदान हे प्रामाणिकपणे सांगतंय तरी."

शेवटी ठरलं की उत्तरं इंग्रजी अक्षरांत भरायची. मी म्हटलं, मग सरळ यस आणि नो लिहू. सर उसळले. "अक्षरं परकी चालतील, शब्द लोकांचाच राहू दे. तो हो म्हणाला तर हो लिहा, नाय म्हणाला तर नाय लिहा." म्हणून आमच्या तक्त्यात एच-ओ आणि एन-ए-वाय अशी उत्तरं असायची. बाहेरचं कुणी बघायला आलं की हसायचं. मला त्याचा उगाच अभिमान वाटायचा.

पडद्यावर काय दिसावं ते सरांनीच ठरवलं. प्रत्येक वाणापुढे एकच शब्द. ठेवा, सोडा किंवा थांबा. मी विचारलं, "आणि बाकीचा कागद?"

"तो आत राहू दे. शेतकऱ्याला निकाल पाहिजे, माझी बडबड नको. कागद बघायला मी आहेच की."

पहिल्यांदा बटण दाबायचं ठरलं तेव्हा गिरणीवाल्याची बायको नारळ घेऊन वर आली. तिने तो उंबऱ्यावर असा आपटला की पाणी यूपीएसच्या दिशेने उडालं आणि मी किंचाळले. सरांनी बटण दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही, खालची गिरणी तेवढी गडगडत होती. मग शब्द आले, एकाखाली एक. सर हातातला चहा विसरून बघत राहिले. "मी इथे बसलोय," ते म्हणाले, "आणि मीच तिकडे आत काम करतोय. गंमत आहे." त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अजून विसरले नाही. खोबरं आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्लं.

आता प्रश्नाविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे. आधी आम्ही घरोघर विचारायचो, "हे भात ठेवावं का?" आणि सगळे म्हणायचे, "ठेवा ना." कुठलंही भात, कुठलंही घर, उत्तर एकच. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. पाण्याचा तांब्या पुढे करतील, चटई टाकतील आणि तुम्हाला ऐकायचं असेल ते बोलतील. सर म्हणाले, "प्रश्न उलटा करा. हे भात सोडून द्यावं का, असं विचारा. भिडेखातर हो म्हणणारे हो म्हणतील. पण जो पाहुण्याच्या तोंडावर नाय म्हणेल, त्याचं ते नाय अगदी पोटातून आलेलं असेल. ते सोन्याचं." आणि त्यांच्या कृतीत त्यांनी त्या नाय शब्दाला सगळ्यांत जास्त वजन दिलं. उतारा कमी आला तरी चालेल, लोक नाय म्हणाले तर वाण राहायचा.

अशाच जोरावर एक भात वर्षानुवर्षं राहिलं होतं. ते सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यातल्या मावशींचं होतं. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हेत, पण त्यांना सगळेच मावशी म्हणायचे. त्यांचं माहेर उंबरमाळीकडच्या डोंगरातलं. लग्नात आईने त्यांच्या ओटीत तांदूळ घालायचे ते न घालता बियाण्याचं भातच घातलं होतं. लालसर, जाड दाण्याचं, पेज केली तर गोडसर लागणारं. मावशींनी ते सासरी लावलं आणि लावतच राहिल्या. आता माहेरी कुणी शेती करत नव्हतं. भाऊ नोकऱ्यांना लागले, खाचरांत फार्महाऊसं उठली. सासरी मुलं दुकानातलं बी आणायची आणि आईच्या भाताला जागा द्यायला कुरकुर करायची. म्हणून मावशी एक दिवस सगळं बी घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "माज्या माहेराला जरा जागा द्या." तेव्हापासून त्या वाणाचं नावच मावशींचं माहेर पडलं.

बी सगळं आमच्या कणगीत होतं, दुसरीकडे कुठे दाणाही नव्हता. वाफ्यावर पिकलेल्यातलं थोडं थोडं मावशींच्या आणि आसपासच्या पाड्यांतल्या घरांना चाखायला मिळायचं, तेवढंच. त्या वाणापुढे ज्या दिवशी सोडा आलं असतं, त्या दिवशी तो संपला असता. मावशींना हे माहीत होतं. दर वर्षी निकालाच्या सुमारास त्यांचा निरोप यायचा, "माजं माहेर हाय का गेलं?" आणि मी उलट निरोप धाडायचे की आहे, मजेत आहे.

सरांना प्रोग्रामात बसवल्यानंतर एका वर्षी दोन गोष्टी झाल्या. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि त्यांना लिहिणं-वाचणं बंद झालं. आणि सिद्धगडाकडची विचारपूस करणारी जुनी ताई अंगणवाडीत लागली, तिच्या जागी नवीन ताई आली. नवीन ताई कामाला चोख होती. दोन मुलांना शाळेत सोडून उन्हातान्हात पाडे तुडवायची, एक घर चुकवायची नाही. इंग्रजी अक्षरं नेहमी मोठ्या लिपीतली काढायची, कारण कुठलाही फॉर्म तसाच भरतात असं तिला शाळेपासून ठाऊक होतं. आणि नाय लिहायला तीन अक्षरं कशाला, दोन पुरेत, असं तिने आपल्या मनाने ठरवलं होतं. एन-ए. वाचलं की ना. झालं की काम.

बटण दाबलं. मावशींच्या माहेरापुढे सोडा आलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. पुन्हा तेच. सरांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकांची आवड बदलते गं. माणसं नवी, जिभा नव्या." गटाचा एक रिवाज होता. सोडलेलं बी फेकायचं नाही, विकायचं नाही. ज्या घरातून आलं त्या घरी सन्मानाने पोचवायचं, वर नारळ ठेवून. ताई बी घेऊन मावशींच्या दारी गेली. शिमगा तेव्हा तोंडावर आला होता.

पुढे चैत्रात ताई शहापूरला आली. कामाचं बोलून झालं तरी उठेना. मग म्हणाली, "मॅडम, मावशी आता कुनाच्या दारात नाय जात. कुनाशी बोलत पन नाय. समोरची बाय रोज हाक मारते, तर ही कडी लावते."

"का?"

"तिला वाटतं, सगल्यांनी तोंडावर गोड बोलून पाठीमागं तिचं भात सोडा म्हटलं. बाया तिला शपथा घालतात, आमी नाय बोललेलो म्हनून. तिला पटत नाय. ती बोलते, कंपूटरला काय खोटं बोलायची गरज?" ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला पन कलत नाय मॅडम. मीच तर विचारलं सगल्यांना. मीच लिवलं. सगल्यांनी नायच म्हटलेलं."

मी फाइल उघडली. ताई माझ्या खांद्यामागे उभी होती. मावशींच्या वाणापुढचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता. एन-ए, एन-ए, एन-ए. मध्येच कुठे एक एच-ओ. मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि तरी कळत नव्हतं. मी सरांना फोन लावला.

"काय लिहिलंय?" सरांनी विचारलं. "शब्द नको सांगू, अक्षरं सांग."

"एन. ए."

 

"अगं," सर म्हणाले, आणि तो त्यांचा आवाज नव्हताच, "माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन अक्षरांचा अर्थ ठरलेला आहे. एन-ए म्हणजे उत्तर मिळालं नाही. रिकामी जागा. ते आल्या आल्या ती ओळ काढून टाकतं."

म्हणजे असं झालं होतं. ज्यांनी ज्यांनी नाय म्हटलं, ते सगळे सरांच्या लेखी बोललेच नव्हते. उरले होते ते भिडेखातर हो म्हणणारे दोघे-चौघे. आणि त्या दोघा-चौघांचं शंभर टक्के एकमत होतं की मावशींचं माहेर सोडून द्यावं.

"कागद समोर असता तर तळाची ओळ बघितली असती," सर म्हणत होते. "इतके वगळले म्हणून ते सांगतंच. सांगितलंच असणार त्याने. आत. आपणच त्याला आत बसवून ठेवलं." मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज आला. "तू काय करत्येस तिथे? जा. आत्ताच्या आत्ता जा. बी असेल अजून घरात."

निघण्यापूर्वी मी एन-ए च्या जागी पुरता शब्द घातला आणि बटण दाबलं. खाली गिरणी चालू होती. पडद्यावर आलं, ठेवा. ताई तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी तिला म्हटलं, तू नाय म्हणून लिहिलंस ते नायच होतं, ह्याला ऐकू आलं नाही त्याला तू काय करणार. तिला ते पटलं की नाही माहीत नाही.

शहापूरहून मुरबाड गाठेपर्यंत मला एसटी कधी इतकी हळू वाटली नव्हती. किन्हवलीला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा मी त्याच्याशी भांडले. मुरबाडला सिद्धगडाकडची जीप उभी होती, पण भरली नव्हती, आणि सर का संतापायचे ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. रस्त्याला मोहाचा सडा पडला होता, करवंदं लागली होती. एरवी मी जीप थांबवून करवंदं काढली असती. त्या दिवशी मी मनातल्या मनात एकच हिशेब करत होते. शिमग्याला बी घरी गेलं. पेरणी अजून लांब आहे. कुणी बियाण्याला इतक्यात हात लावणार नाही. असणार बी. असणारच.

मावशींच्या दाराला आतून कडी होती. दिवसाढवळ्या पाड्यात कुणी कडी लावत नाही. मी हाक मारली तशी उघडली. त्या वाळल्या होत्या. मला बघून हसल्या मात्र मनापासून.

"आलीस गो? ये. बस."

"मावशी, बी कुठंय तुमचं?"

"उन्हातनं आलीस. आदी जेव, मंग बोल."

"मावशी, आधी ऐका..."

"जेव म्हनते ना."

त्या घरात जेवल्याशिवाय बोलता येत नसे. मी हात धुऊन बसले. त्यांनी ताट पुढे ठेवलं. सुकटीचं आंबट कालवण, कैरीची फोड आणि भात. आत उजेड कमी होता, म्हणून आधी लक्षात आलं नाही. पहिला घास तोंडात गेला आणि कळलं. तो गोडसरपणा दुसऱ्या कुठल्याच तांदळाला नव्हता.

शेतात असतं, कणगीत असतं, ते भात. ताटात येतो तो भात. आपली भाषा एवढाच फरक करते. मी पोचायच्या आत ते भात तो भात झाला होता.

"सगळं भरडलंत?" मी विचारलं.

"मंग काय करू? पोरं बोलली, घुशी खातील त्यापरीस आपन खाऊ. कुनालाच नको, तर मी तरी कशाला उरावर ठेवू?" त्यांनी आणखी एक डाव वाढला. "आजचा शेवटचा. बरं झालं आलीस. तुला आवडायचा."

मला रडू फुटलं. घास गिळवेना, आणि ताटात टाकताही येईना. मी रडत रडत तो सगळा खाल्ला. मावशी म्हणाल्या, "कालवण तिखट झालंय का?"

मग मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. ताईने लिहिलेलं, सरांचं सॉफ्टवेअर, ती दोन अक्षरं. मावशी ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या.

"त्याला नाय कलत नाय?" त्या म्हणाल्या. "नाय म्हंजे नाय. त्यात काय कलायचं?"

"नाही कळलं मावशी. त्याला वाटलं ते बोललेच नाहीत."

"म्हंजे सोडा कुनी म्हटलंच नाय?"

"दोघा-चौघांनी. तेही दुसऱ्या पाड्यातल्या. तुमच्या पाड्यातलं एकही घर नाही."

"विहिरीकडच्या घरानं?"

"नाय म्हटलं."

"वरच्या अंगाच्या दोघी जावा? त्या तर माज्याशी भांडलेल्या."

"दोघींनी नाय म्हटलं."

मग अगदी हळू आवाजात त्यांनी तिसऱ्या घराचं विचारलं, जे त्या इतका वेळ विचारायचं टाळत होत्या. "आनि समोरच्या बायनं?"

"ताई सांगत होती, तिनं तर नाय म्हणून दारातूनच परत फिरवलं. म्हणाली, असं इचारायला आलीसच कशी."

"गल्याशपत?"

"गळ्याशपथ."

मी म्हटलं, "मावशी, आता काहीच करता येणार नाही. भात गेलं." मला त्यांनी चिडायला हवं होतं. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"ती रोज हाक मारायची गो," त्या म्हणाल्या. "शिमग्याला पोली घेऊन आली, तर मी कडी नाय काढली. उंबऱ्यावर ठेवून गेली. मी ती कुत्र्याला घातली."

मी उष्ट्या हाताने तशीच बसून राहिले.

मावशी उठल्या. टोपात तळाशी थोडा भात उरला होता. तो त्यांनी खरवडून एका वाटीत घेतला, वर ताटली झाकली. पदर सारखा केला. दाराशी जाऊन त्यांनी माझ्यामागे पुन्हा लावलेली कडी पूर्ण मागे सारली आणि अनवाणीच अंगणात उतरल्या. समोरच्या घरापर्यंत चार पावलांचं अंतर. दारात उभ्या राहून त्यांनी हाक मारली, आणि आतून कुणी बाहेर यायच्या आधीच बोलायला लागल्या.

"ये गो भाईर. चुकलं माजं. ये, चुकलं माजं."